कियांती, ब्रोलिओचा बॅरन आणि नीट न वाचलेलं पत्र

सायली_म्युनिक | शनिवार, सकाळी ११:४०

मंडळी, गेल्या आठवड्यात चार दिवस इटलीतल्या तस्कनीत होतो. आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या, दारूचा वाससुद्धा नको म्हणणाऱ्या. त्यामुळे 'वाइनरी बघायला जायचंय' हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. 'किल्ला बघायला जायचंय' एवढंच सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. ब्रोलिओला किल्ला आहेच, आणि वाइनरी त्याच्या पायथ्याशी.

सिएनापासून साधारण वीस किलोमीटर. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना ओक, मग एकदम सुरूची रांग, आणि वर डोंगराच्या नाकावर तो किल्ला. तटबंदी करड्या दगडाची, जुनी, रुंद. आणि आत मात्र लालभडक विटांचा टोकेरी कमानींचा वाडा, जणू इंग्लंडहून उचलून आणून ठेवलेला. तो एकोणिसाव्या शतकात बांधलाय. मला तो अजिबात आवडला नाही, पण त्याच भिंतीवर १९४४ च्या लढाईतले तोफगोळ्यांचे वण अजून दिसतात, तिथे सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. बागेच्या टोकाशी गेलं की खाली द्राक्षमळे आणि लांब धुक्यात सिएनाचे मनोरे.

हा किल्ला ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जायच्या दीडशे वर्षं आधीपासून. हे मी सासूबाईंना सांगितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला.

धागा काढायचं कारण मात्र या घराण्यातला एकच माणूस. बेत्तिनो रिकासोली, जन्म १८०९. लोक त्याला 'लोखंडी बॅरन' म्हणायचे. इटली एक झाली, पहिले पंतप्रधान काव्हूर १८६१ मध्ये अचानक गेले, आणि त्यांच्या जागी हा बसला. पुढे १८६६ मध्ये पुन्हा एकदा. दोन्ही वेळा वर्षभराच्या आतच घरी परत. घरी म्हणजे ब्रोलिओला, आणि तिथे त्याचा खरा ध्यास होता: आपल्या डोंगरातल्या द्राक्षांपासून फ्रेंचांच्या तोडीची वाइन काढायची. फ्रान्सला जाऊन आला, वेगवेगळ्या जातींची द्राक्षं लावून पाहिली, वेगवेगळी मिश्रणं करून पाहिली. एकदोन नव्हे, तीसेक वर्षं.

१८७२ मध्ये त्याने पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक चेझारे स्तुदियातींना पत्र लिहून आपला निष्कर्ष कळवला. कियांती वाइनची जी 'पारंपरिक पाककृती' जगभर सांगितली जाते, ती या पत्रातून आलेली. त्याचा मथितार्थ असा: सांजोवेझे या द्राक्षातून वाइनला सुगंध आणि जोर मिळतो. कानायोलो हे दुसरं काळं द्राक्ष सांजोवेझेचा कडकपणा जरा मऊ करतं, पण सुगंध मारत नाही. आणि माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष वाइनला पातळ करतं, हलकी करतं, रोजच्या जेवणासोबत लवकर प्यायची असेल तर ते ठीक. पण जी वाइन वर्षानुवर्षं ठेवायची, तिच्यात ते घातलं नाही तरी चालेल.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. कारण सरकारने ते वाचलं नसावं.

१९६७ मध्ये इटलीने कियांतीला कायद्याचं कोंदण दिलं, भौगोलिक नाव, नियमावली वगैरे. त्यात पांढरी द्राक्षं किमान १० टक्के घातलीच पाहिजेत असं ठरवलं. वर ३० टक्क्यांपर्यंत मुभा! तीही एकट्या माल्वाझियाची नव्हे, तर त्रेब्बियानोचीही. त्रेब्बियानो म्हणजे वेलीला लगडून येणारं, भरपूर रस देणारं आणि चवीला जवळजवळ काहीच नसलेलं द्राक्ष. बॅरनने 'हवं तर वगळा' म्हटलेली गोष्ट परंपरेच्या नावाने सक्तीची झाली. आणि पांढरं न घालता उत्तम वाइन करणाऱ्याला बाटलीवर 'कियांती' लिहायची बंदी.

मला हे ऐकून आजीच्या पुरणपोळीची आठवण झाली. तिच्या वहीत 'जायफळ, असल्यास' असं लिहिलंय. आता आमच्या घरात जायफळ नसेल तर पुरणपोळी होत नाही.

पुढचं थोडक्यात. १९७० च्या दशकात ब्रोलिओचं नाव आणि वाइनरी सीग्राम या बड्या मद्यकंपनीकडे गेली, नंतर ऑस्ट्रेलियन कंपनीकडे. माल वाढला, नावाची रया गेली. १९९३ मध्ये घराण्यातल्या फ्रान्चेस्को रिकासोलींनी ते परत विकत घेतलं. ते तोवर जाहिरातींचे छायाचित्रकार होते. मळे उपटून पुन्हा लावले, मातीचा अभ्यास करवला. आज १२०० हेक्टरांची इस्टेट आहे, त्यातल्या साधारण २४० हेक्टरांवर द्राक्षं, बाकी बरंचसं जंगल.

आम्ही तीन चवी घेतल्या. साधी ब्रोलिओ, मग रिझर्वा (म्हणजे जास्त काळ मुरवलेली), मग किल्ल्याच्या नावाची. माझा कौल साध्या ब्रोलिओला, का ते खाली विचारलंत तर सांगेन. सासूबाईंनी ऑलिव्हचं तेल चाखलं आणि 'घशात लागतंय गं' म्हणून एक बाटली घेतली.

कुणी प्यायलीये का कियांती? कशी लागली?


टोमणेबाज | शनिवार, दुपारी १२:१५

पहिला! :)

कियांती म्हणजे तीच ना, चौकटीचा टेबलक्लॉथ, गवतात गुंडाळलेली पोटुशी बाटली, तिच्या तोंडात मेणबत्ती? मुंबईत एका हॉटेलात तसल्या बाटल्या छताला टांगलेल्या पाहिल्यात. आतली वाइनही मागवली होती. चिंचेच्या कोळात लोखंडाचा खिळा बुडवल्यासारखी लागली. बॅरन लोखंडी होता हे आत्ता कळलं, उलगडा झाला.


सायली_म्युनिक | शनिवार, दुपारी १२:४०

@टोमणेबाज, तीच. तिला फियास्को म्हणतात. फुंकून केलेली पातळ काच, बूड गोल, त्यामुळे ती उभीच राहत नाही. म्हणून दलदलीतलं वाळलेलं गवत विणून तिला खालून बैठक आणि भोवती कवच. गाड्यांतून नेताना एकमेकींवर आपटून फुटायच्या नाहीत. हे विणकाम गावातल्या बायका घरी बसून करायच्या. मजुरी चढली तशी सरळ बाटली आली. तुम्ही जी प्यायलात ती त्या काळातल्या पातळ मालाची वारस असेल.

खिळ्याबद्दल मात्र तुमचं निरीक्षण बरोबर आहे. सांजोवेझे आंबट असतंच आणि जिभेला तुरट पकडही असते. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी होते, तशी. चांगल्या वाइनमध्ये त्याच्यामागून आंबट चेरी येते, वाळलेली पानं येतात, थोडा चहा. वाईट वाइनमध्ये मागून कुणीच येत नाही.


इतिहासवेडी_रमा | शनिवार, दुपारी २:०५

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. थोडी भर घालते.

१) पत्राबद्दल. जगभर '७० टक्के सांजोवेझे, २० कानायोलो, १० माल्वाझिया, हे बॅरनचं सूत्र' असं छापलं जातं. पत्रात असले आकडे नाहीतच. कुठलं द्राक्ष काय काम करतं एवढंच आहे. आकडे मागाहून चिकटले.

२) कियांतीची हद्द कायद्याने आखली गेली ती फार आधी. २४ सप्टेंबर १७१६ ला तस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोसिमोने फर्मान काढून कियांती आणि आणखी तीन प्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या. बाहेरची वाइन या नावाने विकायची नाही. आपल्याकडे तेव्हा शाहू महाराजांची कारकीर्द.

३) पुढे नावाला इतकी किंमत आली की आजूबाजूचे सगळेच 'आमचीही कियांती' म्हणायला लागले. मूळच्या डोंगरातल्या ३३ उत्पादकांनी १९२४ मध्ये राद्दा गावी संघ काढला, चिन्ह काळा कोंबडा. पण १९३२ मध्ये सरकारने हद्द वाढवलीच. मूळ भागाला 'क्लासिको' म्हटलं आणि भोवतालच्या सहा भागांनाही कियांती नाव दिलं. म्हणून आज दुकानात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, कियांती आणि कियांती क्लासिको. बाटलीच्या गळ्याशी काळा कोंबडा असेल तरच क्लासिको.

कोंबड्याची गोष्ट माहीत असेलच?


बदलापूरकर | शनिवार, दुपारी २:२०

नाही, सांगा की. तसंही आज शनिवार आहे, कोंबडा नुसता ऐकायचाच आहे.


इतिहासवेडी_रमा | शनिवार, दुपारी २:५०

:) दंतकथा आहे, इतिहास म्हणून घेऊ नका.

फ्लोरेन्स आणि सिएना यांचा हद्दीवरून पिढ्यान् पिढ्या झगडा. शेवटी ठरलं, पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल, जिथे भेटतील तिथे सीमा. सिएनाच्या लोकांनी पांढरा कोंबडा निवडला आणि लाडाने खाऊ घालून गुबगुबीत केला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा निवडला आणि उपाशी कोंडला. भुकेने तो बिचारा उजाडायच्या कितीतरी आधी ओरडायला लागला. फ्लोरेन्सचा स्वार निघाला तेव्हा सिएनाचा कोंबडा घोरत होता. दोघे भेटले ते फोंतेरुतोलीला, सिएनाच्या जवळजवळ वेशीवर. म्हणून सगळा कियांती फ्लोरेन्सचा.

फ्लोरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियो या जुन्या वाड्यात मोठ्या दालनाच्या छतावर व्हासारीने कियांतीचं चित्र काढलंय, त्यात काळ्या कोंबड्याची ढाल आहे. सायली, पाहिलंस का?


सायली_म्युनिक | शनिवार, दुपारी ३:१०

पाहिलं. मान मोडली. आई म्हणाल्या, 'एवढं सुंदर काढलंय तर भिंतीवर काढायचं होतं.'


सायकलकर | शनिवार, संध्याकाळी ५:३०

ब्रोलिओ वाचून पायात गोळे आले! दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गायोले गावातून 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी निघते. १९९७ पासून चालू आहे. अट अशी की सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरचे खटके खालच्या नळीवर, कपडे लोकरीचे. सगळ्यात लांबचा मार्ग दोनशे किलोमीटरच्या वर आणि त्यातला बराचसा पांढऱ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून.

मी छोटा मार्ग केला. पण लांबच्या मार्गाचे लोक अंधारातच निघतात आणि सुरुवातीलाच ब्रोलिओचा चढ लागतो. दोन्ही बाजूंना दिवे लावलेले असतात. पणत्यांसारखे. मध्ये सुरू, खाली खडी, पुढच्याच्या चेनचा आवाज, एवढंच. थांब्यावर पाणी मागितलं तर भाकरी घातलेलं भाजीचं सूप आणि पेल्यात कियांती हातात देतात. चढावर कियांती प्यायल्याचं वैद्यकीय समर्थन मी करणार नाही, पण उतार छान गेला.

सायकल भाड्याची होती. पुण्यात आजोबांची एक होती, ती आम्ही भंगारात दिली. आता हळहळतोय.


द्राक्षबागवाला | शनिवार, रात्री ९:४५

नमस्कार. मी तासगावकडचा. आमची थॉमसन आणि माणिक चमन, खायची द्राक्षं. वाइन आपण पीत नाही, माळकरी आहोत, पण बाग हा विषय आला की राहवत नाही.

ताई, काही प्रश्न. तिकडं छाटणी कितीदा? एकरी माल किती निघतो? आणि पाणी कुठनं देतात?

आमच्याकडं दोनदा छाटणी. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार करायला. मग ऑक्टोबरात फळछाटणी, ती माल धरायला. वेल आमचा झोपतच नाही. हिवाळा म्हणावा असा हिवाळाच नाही, त्याला आम्हीच कात्रीनं उठवतो. आत्ता माझ्या दोन एकराची छाटणी चालू आहे, परतीचा पाऊस जाईना, डाऊनी रोगाच्या भीतीनं झोप नाही.


सायली_म्युनिक | रविवार, सकाळी १०:२०

@द्राक्षबागवाला, दादा, तुम्ही आलात म्हणजे आता मला गुगलताई होऊन भागणार नाही. तिथे दाखवणाऱ्या मुलीला मी बरंच पिडलं होतं, ते उपयोगी पडतंय.

छाटणी एकदाच, हिवाळ्यात, पानं गळून वेल झोपला की. एप्रिलमध्ये फूट येते, सांजोवेझेची तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आम्ही गेलो तेव्हा खालच्या मळ्यातली तोडणी झाली होती, वरच्या बाजूला चालू होती. माणसं कात्रीने घड कापून लाल क्रेटमध्ये टाकत होती. मी जमिनीवर पडलेले दोन मणी उचलून खाल्ले. साल जाड, बी कडू, गर गोड. तुमच्या थॉमसनसारखं एकामागून एक खाता येत नाही.

एकरी मालाचं ऐकून बसा आधी. कियांती क्लासिकोच्या नियमाने हेक्टरी ७.५ टनांच्या वर घ्यायचाच नाही. म्हणजे एकरी ३ टन.

पाणी सहसा देत नाहीत. ताण फारच पडला तर आणीबाणीचं म्हणून. जमीन खडकाळ. 'गालेस्त्रो' नावाचा पापुद्र्यांचा चिकण खडक, हातात घेतला की चुरतो, आणि 'आल्बेरेझे' नावाचा पांढरट चुनखडीचा दगड. तो बांधावर रचून ठेवलेला दिसतो.


द्राक्षबागवाला | रविवार, सकाळी ११:०५

एकरी ३ टन!! आमच्यात एवढा माल निघाला तर घरात बोलायचे बंद होतील. आम्ही एकरी १० टनाच्या हिशोबानं बसतो.

पण पटतंय. घड कमी ठेवला की मण्यात ताकद येते, हे आम्हालाही माहीत आहे. विरळणी आम्ही करतोच. फक्त आमचं गिऱ्हाईक मण्याची जाडी मोजतं आणि त्यांचं चव मोजतं. तिकडं रानडुकरांचा त्रास आहे का?


सायली_म्युनिक | रविवार, सकाळी ११:३०

आहे! रानडुक्कर आणि हरीण दोन्ही. जंगल लागूनच असल्याने मळ्यांना कुंपण. पिकलेली सांजोवेझे डुकरांना फार आवडते म्हणे. गावातल्या प्रत्येक हॉटेलात रानडुकराचा रस्सा मिळतो, हिशोब चुकता.


टोमणेबाज | रविवार, दुपारी १:००

मूळ मुद्द्याकडे येतो. सायलीताई, सगळा दोष सरकारी बाबूंच्या वाचनावर टाकणं मला पटत नाही. पत्र कुणीतरी वाचलंच असेल. पण १९६७ मध्ये शेतात त्रेब्बियानो उभी होती, तिचं काय करणार होते? ज्याच्या शेतात जे आहे ते खपलं पाहिजे. कायदा त्या हिशोबाने झाला आणि परंपरेचं नाव वर शोभेला चिकटवलं. आपल्याकडेही 'पारंपरिक' म्हणून जे चालतं त्यातलं निम्मं कुणाच्या तरी गोदामात पडून असलेलं असतं.


इतिहासवेडी_रमा | रविवार, दुपारी १:४५

टोमणेबाजांना चक्क +१. आज सूर्य कुठे उगवला?

यामागे शेतीची मोठी उलथापालथ आहे. तस्कनीत शतकानुशतकं 'मेझ्झाद्रिया' पद्धत होती. जमीन मालकाची, राबायचं कुळाने, पीक निम्मं निम्मं. कुळाला एकाच शेतातून सगळं काढायचं असायचं, म्हणून झाडांवर चढवलेल्या वेली, मध्ये गहू, कडेला ऑलिव्ह, असा मिश्र कारभार. आणि वेलींतही काळी-पांढरी सगळी मिसळ. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक शेत सोडून कारखान्यांकडे गेले, गावं ओस पडली, १९६४ मध्ये असे नवे करार करायलाच बंदी आली. मग घाईघाईने ट्रॅक्टर चालेल अशा रांगा आखून भरघोस पीक देणारी रोपं लावली. तेव्हा लक्ष होतं मालाच्या मापावर, चवीवर नाही.


बदलापूरकर | रविवार, दुपारी २:३०

म्हणजे आपली अर्धेलच की. आमचे पणजोबा अर्धेलीने भात करायचे, कूळ कायद्यात जमीन नावावर झाली. म्हणून विचारतो, हा लोखंडी बॅरन तीस वर्षं प्रयोग करत होता म्हणे, तेव्हा कुदळ कुणाच्या हातात होती?


इतिहासवेडी_रमा | रविवार, दुपारी ३:१५

रास्त प्रश्न. कुदळ कुळांच्याच हातात. बॅरन मोठा शिस्तीचा, धार्मिक, आणि कुळांच्या आयुष्यात नको तितकं नाक खुपसणारा होता. त्यांच्यासाठी कडक नियम केले होते आणि त्यांना जमवून धर्माचे पाठही द्यायचा. त्याच्या मते ते त्यांच्या भल्यासाठीच. कुळांचं मत कुणी लिहून ठेवलेलं नाही. नाव बॅरनचं झालं, हे खरंच आहे.


सायली_म्युनिक | रविवार, दुपारी ४:००

@बदलापूरकर, हे माझ्या लेखात यायला हवं होतं. त्या लाल वाड्यात बॅरनची खोली, टेबल, हस्तलिखितं सगळं नीट मांडून ठेवलंय. तोडणी करणाऱ्यांची टोपली एकही पाहिल्याचं आठवत नाही.

टोमणेबाजांचा मुद्दाही मान्य. पण मग ज्यांनी हा कायदा मोडला त्यांचंही सांगते. आंतिनोरी हे फ्लोरेन्सचं दुसरं जुनं घराणं, १३८५ पासून या धंद्यात. त्यांनी 'तिन्यानेल्लो' नावाची वाइन १९७१ च्या हंगामापासून कियांती हे नाव सोडून विकायला काढली, आणि १९७५ पासून तिच्यातलं पांढरं द्राक्ष पूर्ण बंद केलं. कायद्याने ती 'टेबल वाइन', म्हणजे सगळ्यात खालची पायरी. किंमत मात्र कियांतीच्या कितीतरी वर. लोकांनी ती उड्या मारून घेतली. मग कायद्यालाच लाज वाटली. १९८४ मध्ये पांढऱ्याचं प्रमाण खाली आणलं, १९९६ मध्ये निव्वळ सांजोवेझेची क्लासिको करायला परवानगी दिली, आणि २००६ च्या हंगामापासून क्लासिकोत पांढरी द्राक्षं बंदच. आता किमान ८० टक्के सांजोवेझे, बाकी काळी. साध्या कियांतीत अजून थोडी पांढरी चालतात.

म्हणजे पत्रातलं 'नाही घातलं तरी चालेल' कायद्यापर्यंत पोचायला १८७२ ते १९९६, हिशोब करा.


टोमणेबाज | रविवार, दुपारी ४:१०

१२४ वर्षं. आमच्या सोसायटीच्या कन्व्हेयन्सला अजून आशा आहे तर.


खादाडखाऊ | रविवार, संध्याकाळी ७:२०

इतका वेळ वाचतोय, खाण्याबद्दल कुणी बोलेचना. मी बोलतो.

सांजोवेझेचा आंबटपणा हाच तिचा गुण आहे. टोमॅटो असलेल्या पदार्थासमोर बाकीच्या लाल वाइन मवाळ होऊन बसतात, ही उभी राहते. तिकडे ती निखाऱ्यावरच्या जाडजूड मांसासोबत पितात, तुरटपणा चरबी कापतो. आपल्याकडे? सुकं मटण, खोबरं भाजून केलेलं, तिखट बेताचं: उत्तम. भरलं वांगं: आश्चर्यकारक उत्तम. कोल्हापुरी तांबडा रस्सा किंवा सावजी: नको, हात जोडतो. तिखटाने तुरटपणा दुप्पट लागतो, दोन्ही वाया.

आणि खोलीच्या तापमानाला प्या असं लिहिलेलं असतं ते तिकडच्या दगडी खोलीचं. पुण्यात मे महिन्यात वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बिनदिक्कत.


मापशेंचो | रविवार, रात्री ८:१५

गोव्यातून हजेरी. आमच्याकडे पोर्तुगीज वाइन घरात असायची, कियांती नाही. पण एकदा सोरपोतेलासोबत, म्हणजे आमच्या व्हिनेगर घातलेल्या डुकराच्या मटणासोबत, प्यायलो. व्हिनेगर आणि ही, दोन आंबट एकत्र आले आणि भांडले नाहीत. सोरपोतेल तिसऱ्या दिवसाचं होतं, तेव्हा श्रेय त्यालाच जास्त.

एक शंका. जुन्या पद्धतीत वाळवलेली द्राक्षं घालायचे असं ऐकलंय. ती गोड करायला?


सायली_म्युनिक | रविवार, रात्री ८:५०

गोड करायला नाही. त्याला 'गोव्हेर्नो' म्हणतात. थोडे घड बाजूला काढून वाळत ठेवायचे. मुख्य वाइनचं आंबणं संपत आलं की त्या सुकत आलेल्या द्राक्षांचा रस त्यात घालायचा. आंबणं पुन्हा सुरू होतं. थंडीत मंदावलेल्या पिठाला कोमट पाणी आणि चमचाभर साखर द्यावी तसं. वाइन मऊ होते, लवकर पिण्याजोगी होते. बॅरनही करायचा. आता क्वचितच करतात.

आणि साधी ब्रोलिओ का आवडली ते. वरच्या दोन्ही भारदस्त होत्या, लाकडाचा वास, गंभीर चेहरा. साधीत आंबट चेरी सरळ समोर येऊन उभी राहिली. शिवाय पहिलीच होती आणि मी भुकेली होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.


द्राक्षबागवाला | रविवार, रात्री ९:३०

एक सांगायचं राहिलं. सांजोवेझे आपल्याकडं पण आहे, लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली म्हणून वाइनरी आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तस्कनीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील मिळून काढली. बाग लावताना वाइनवाले पिएरो मासी तस्कनीतूनच आले. त्यांच्या 'सेत्ते' नावाच्या वाइनमध्ये सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों असते असं वाचलं. आमचे एक पाहुणे बाग बघून आलेत. म्हणाले, मणी बारीक, घड मोकळा, आपल्या डोळ्याला गरीब दिसतो.


टोमणेबाज | रविवार, रात्री ९:४०

अकलूजच्या उन्हात लोखंडी बॅरन काय म्हणाला असता?


द्राक्षबागवाला | रविवार, रात्री ९:५५

म्हणाला असता, छाटणीची तारीख बदला. आपल्याकडं तोडणी फेब्रुवारी-मार्चात, उन्हाचा कडाका चढायच्या आत. तीच तर गोम आहे.


बदलापूरकर | सोमवार, सकाळी ९:१०

सायलीताई, सासूबाईंचं पुढे काय झालं? त्यांना कळलं का शेवटी?


सायली_म्युनिक | सोमवार, सकाळी १०:००

पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं, बोलल्या नाहीत. नंतर गाडीत म्हणाल्या, 'किल्ल्याला एवढा वास कशाचा येत होता ते मला विचारू नकोस.'

पण त्यांना बॅरनच्या भुताची गोष्ट फार आवडली. तो मेला १८८० मध्ये, आणि पौर्णिमेच्या रात्री पांढऱ्या घोड्यावरून मळ्यांतून फिरतो म्हणतात. दुसरी गोष्ट त्याच्या बायकोची, आन्नाची. नवीन लग्न झालेलं, फ्लोरेन्सला नाच होता, कुणी तरुण तिच्याशी जरा जास्त वेळ नाचला. बॅरनने तिला तिथूनच बग्गीत बसवलं आणि बर्फाळ रात्री थेट ब्रोलिओला आणलं, नाचाच्या कपड्यांत. खरंखोटं देव जाणे. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'मग फिरू दे त्याला पौर्णिमेला. तिने फिरायला नको?'


इतिहासवेडी_रमा | सोमवार, सकाळी १०:३०

काकूंना माझा दंडवत सांग.


द्राक्षबागवाला | सोमवार, रात्री ८:४०

ताई, एक काम होतं. वेलीच्या खोडाचा फोटो असेल का? घडाचा नको, ते नेटवर भरपूर आहेत. छाटून छाटून ओलांड्याला, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीला, गाठी कशा पडल्यात आणि डोळे किती ठेवलेत ते बघायचंय.


सायली_म्युनिक | सोमवार, रात्री ९:१५

शोधला. एकच आहे, आईंनी काढलेला. अर्ध्या फोटोत त्यांचं बोट आलंय, पण खोड पूर्ण दिसतंय. वर चढवलाय. खालून तिसऱ्या गाठीपाशी बघा, दोन डोळे ठेवून कापल्यासारखं वाटतंय.


द्राक्षबागवाला | सोमवार, रात्री ९:३५

दोनच. आणि काप तिरका, पाणी साचू नये म्हणून. आमच्यासारखाच.